फिट किती आल्या, एवढ्यावरून तब्येत कळत नाही

अपस्माराचा रुग्ण तपासणीला गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मागच्या खेपेनंतर फिट आली?" आली असेल तर किती वेळा आली, किती वेळ टिकली. उत्तर फाइलवर उतरतं, गोळ्या तशाच राहतात किंवा वाढतात, पुढची तारीख मिळते. हा प्रश्न चुकीचा मुळीच नाही, कारण फिट थांबवणं हे उपचाराचं पहिलं काम आहे. पण या एका आकड्यावर माणसाची सगळी तब्येत तोलली जाते आणि तिथे बरंच काही निसटतं. फिट किती आल्या हे पुष्कळदा रुग्णाला स्वतःलाच नीट माहीत नसतं. आणि जे फक्त त्यालाच माहीत असतं, ते त्याला कुणी विचारत नाही.

जर्मनीत बॉन इथल्या अपस्मार केंद्रात 91 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण दाखल होते, कॅमेरा आणि मेंदूच्या लहरी टिपणारं ईईजी यंत्र सतत चालू होतं, आणि रुग्णांना आपापल्या फिट्सची नोंद करायची होती. यंत्राने टिपलेल्या फिट्सपैकी 55 टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या नोंदीत आल्याच नाहीत. झोपेत आलेल्या तर दहातल्या आठ-नऊ सुटल्या. ही माणसं काही लपवत नव्हती. आपल्याला फिट येऊन गेली याचा त्यांना पत्ताच नव्हता.

असं होण्याचं कारण आजाराच्या स्वभावातच आहे. मेंदूतल्या पेशींचं एकमेकींशी दळणवळण विजेच्या अगदी सूक्ष्म लहरींनी चालतं. पेशींचा एखादा मोठा गट एकाच वेळी बेताल चालायला लागला की फिट येते. हा बेतालपणा सगळ्या मेंदूत पसरला तर माणूस कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, आणि ती बातमी वाड्यावर सगळ्यांना कळते. तोच बेतालपणा एका भागापुरता राहिला तर बाहेरून फारसं दिसत नाही. गॅसवर दूध ठेवलेलं आहे, समोर बाई उभी आहे. ती एकटक भिंतीकडे बघते, ओठ चाटल्यासारखे करते, पदराच्या टोकाशी बोटांनी चाळा करते. हाक मारली तर ओ देत नाही. मिनिटभराने ती भानावर येते तेव्हा दूध उतू गेलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "लक्ष कुठे असतं हिचं?" ती फिट होती. तिची आठवण तिच्याकडे नसते, कारण आठवण धरून ठेवणारा मेंदूचा भागच त्या मिनिटाला कामावर नसतो. पुढच्या तपासणीला ती प्रामाणिकपणे सांगते, फिट आली नाही.

प्रत्येक फिट म्हणजे अपस्मार नव्हे, हेही इथे सांगायला हवं. लहान मुलाला तापात येणारी, साखर एकदम उतरल्यावर येणारी, रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडल्यावर येणारी फिट वेगळी. असं तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन फिट्स आल्या, किंवा एकच आली पण पुन्हा येण्याची शक्यता तपासण्यांवरून बरीच मोठी दिसली, तर डॉक्टर अपस्मार म्हणतात. जगात सुमारे 5 कोटी माणसांना हा आजार आहे. त्यातली 80 टक्क्यांच्या आसपास आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि नियमित औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत माणसं फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे हा आजार बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात येणारा आहे. तरीही फिट्स आटोक्यात आलेली माणसं "मी बरा आहे" असं का म्हणत नाहीत, हा माझ्या दृष्टीने खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

तो विचारण्याची पद्धत वैद्यकशास्त्रात तयार आहे. तिचं तत्त्व साधं आहे. रक्तदाब यंत्राने मोजतात, मेंदूच्या लहरी ईईजीने. पण थकवा, धास्ती, उदासी, हरवलेला आत्मविश्वास मोजणारं यंत्र नाही, तेव्हा ते माणसालाच विचारायचं, आणि वाटेल तसं न विचारता प्रत्येकाला तेच प्रश्न तशाच शब्दांत विचारायचे. सगळ्यात छोटा प्रश्न असा असतो: एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे? उत्तम, चांगली, बरी, की वाईट? त्यापुढचा: गेल्या तीस दिवसांत किती दिवस शरीराने साथ दिली नाही, आणि किती दिवस मनाने? अमेरिकेत सरकारी आरोग्य पाहण्यांमधून असे प्रश्न लाखो लोकांना विचारले जातात. अपस्मार असलेली माणसं तिथेही आपली तब्येत इतरांपेक्षा वाईट सांगतात आणि मनाचे वाईट दिवस अधिक मोजतात.

खास अपस्मारासाठी 1990 च्या दशकात एक प्रश्नावली तयार झाली. तिचं नाव क्वॉली-31. प्रश्न एकतीस, विषय सात, गुण शून्य ते शंभर. सातांतला पहिलाच विषय आहे फिटची धास्ती. फिटची नव्हे, तिच्या धास्तीची मोजणी. बाकीचे आहेत जगण्याबद्दलचं एकूण समाधान, मनाची स्थिती, अंगातला उत्साह, आठवण आणि एकाग्रता, औषधांचा त्रास, आणि कामधंदा व लोकांतला वावर.

कागदावर हे कोरडं वाटतं, म्हणून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातली तिशीची बाई डोळ्यांपुढे आणू. वर्षात तिला दोनच फिट्स आल्या. फाइलवर याला सुधारणा म्हणतील, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही आहे. आता तिला सात विषय विचारू. विहिरीवर ती एकटी जात नाही. सासू जाऊ देत नाही आणि तिलाही भीती वाटते. न्हाणीची कडी आतून लावायची नाही असं घरात ठरलेलं आहे, आणि ते योग्यच आहे, पण एवढ्या मोठ्या बाईला दाराकडे डोळा ठेवून आंघोळ करावी लागते. नवरा रात्रपाळीला गेला की तिला झोप येत नाही, आणि अपुरी झोप हेच तर फिटला आमंत्रण. सकाळच्या गोळीने दहा-अकरापर्यंत डोळे जड राहतात. बचत गटाचा हिशेब ती ठेवायची, तो तिने सोडला, कारण बेरीज करताना आकडा मध्येच हरवतो. गेल्या खेपेला चवथीच्या फुगड्या घालताना ती पडली होती. तेव्हापासून गौरीपुढे बायका फेर धरतात तेव्हा ती आत भांडी घासत बसते. कुणी तिला नको म्हटलेलं नाही.

दोन फिट्स मिळून पाच मिनिटं झाली असतील. वरचं सगळं वर्षभर चालतं. कडाडलेल्या विजा मोजून पाऊस किती पडला हे सांगता येत नाही.

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग मनाचा आहे. औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या रुग्णांचा एक अभ्यास 2004 साली आला. त्यांचं जगणं किती चांगलं किंवा वाईट आहे याचा अंदाज फिट्सच्या संख्येवरून लागला नाही, नैराश्यावरून लागला. अपस्मारात नैराश्य सर्वसाधारण माणसांपेक्षा बरंच जास्त आढळतं. ते "आजाराचं दुःख" एवढंच नसतं. ज्या मेंदूत फिट तयार होते त्याच मेंदूत मनाचीही यंत्रणा असते, आणि काही औषधंही मन खाली ओढतात. तरीही घरात त्याला नाव मिळतं आळसाचं किंवा चिडकेपणाचं.

औषधांच्या त्रासाचंही तसंच होतं. फेनिटोइनने हिरड्या सुजतात, लेव्हेटिरासेटामने काहीजण एकदम तापट होतात, टोपिरामेटवर असताना ओठांवरचा शब्द सापडत नाही, व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं आणि केस गळतात. सगळ्यांना होतं असं नाही. पण ज्याला होतं त्याला ते गोळीमुळे होतंय हे ठाऊक नसतं, आणि घरचे म्हणतात स्वभावच बिघडला. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांकडून दुष्परिणामांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतली. अर्ध्या रुग्णांचे कागद डॉक्टरांच्या हातात दिले, अर्ध्यांचे दिले नाहीत. ज्यांचे दिले त्यांच्या औषधांत डॉक्टरांनी जास्त बदल केले, त्यांचा त्रास कमी झाला आणि त्यांनी आपलं जगणं सुधारल्याचं सांगितलं. औषधं तीच उपलब्ध होती, डॉक्टर तेच होते. एक कागद मध्ये आला, एवढाच फरक.

बायकांसाठी यात एक फार गंभीर गोष्ट आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर बाळात जन्मजात व्यंग येण्याचा आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका इतर बऱ्याच औषधांपेक्षा मोठा असतो. म्हणून मूल हवं असेल तर गोळी आधी बदलावी लागते, आणि ते डॉक्टरने करायचं. "दिवस गेलेत का, जायला हवेत का" हा प्रश्न कुणी विचारला नाही तर बाई दोनांपैकी एक करते: तेच औषध चालू ठेवते, किंवा घाबरून सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करते. दुसरं तितकंच घातक, कारण गोळ्या अचानक थांबल्या की न थांबणारी फिट येऊ शकते.

आता ही माणसं दवाखान्याचा वापर कसा करतात ते बघू, कारण वरच्या न विचारलेल्या गोष्टी शेवटी तिथेच उगवतात. अपस्माराचे रुग्ण इतरांपेक्षा दवाखान्यात जास्त दिसतात, हे बहुतेक देशांत आढळलेलं आहे. पण कुठे दिसतात यात सगळं आलं. फिट्स आटोक्यात नसलेला माणूस कॅज्युअल्टीत जास्त आणि नियमित तपासणीला कमी, असं चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा 2010 च्या सरकारी पाहणीत, अपस्मार चालू असलेल्या प्रौढांपैकी वर्षभरात मेंदूविकारतज्ज्ञाला भेटलेले निम्म्याच्या आसपासच निघाले. औषध परवडत नाही आणि जायला वाहन नाही, ही कारणं तिथल्याही रुग्णांनी इतरांपेक्षा जास्त सांगितली.

वाहनाची अडचण गोव्यातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. आपला प्रदेश लहान, पण घरोघरी स्कूटर आहे म्हणूनच तो लहान वाटतो. परवान्याच्या अर्जाबरोबर तब्येतीचं जे स्वतःचं निवेदन द्यावं लागतं त्यात अपस्माराबद्दल थेट प्रश्न आहे, आणि फिट्स येणाऱ्याने गाडी चालवू नये हे त्याच्या आणि रस्त्यावरच्या सगळ्यांच्या हिताचं आहे. मग उरते बस. स्टॉपपासून आत वाड्यावर जायचं तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आणि मागे बसल्यावर फिट आली तर काय, ही धास्ती. काणकोणहून बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज साठ-सत्तर किलोमीटर. एकट्याने पाठवत नाहीत म्हणून बरोबर एक माणूस हवा. एका तपासणीला दोघांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडतो. दोन-तीन खेपांनंतर घरात ठरतं की गोळ्या त्याच तर आहेत, फार्मसीतून जुनी चिठ्ठी दाखवून घेऊ. त्या दिवसापासून माणूस नियमित तपासणीतून बाहेर पडतो आणि पुन्हा दिसतो तो कॅज्युअल्टीत.

गोळी चुकणं हे फिट पुन्हा येण्याच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. ती का चुकते हे मात्र चिठ्ठीवर दिसत नाही. संपली आणि आणायला कुणी नव्हतं. उपास होता. जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक होतं, गोळीही राहिली आणि झोपही. किंवा नवी सून सासरी गोळ्या लपवून घेते आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात लपवायला जागा मिळत नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आडकाठी म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख 1999 साली काढून टाकला गेला. गोव्यात लग्नाचा कायदा पोर्तुगीज काळापासून वेगळा आहे, पण स्थळ बघताना आजार लपवायची पद्धत दोन्हीकडे सारखीच. लपवलेल्या गोळीची किंमत कॅज्युअल्टीत मोजावी लागते, आणि तिथला डॉक्टर लिहितो: औषध नियमित घेत नाही.

दुसऱ्या टोकाला, प्रत्येक फिटला रुग्णालय गाठण्याचीही गरज नसते. ओळखीची फिट असेल, दोन-तीन मिनिटांत थांबली, माणूस हळूहळू भानावर आला, तर त्याला कुशीवर वळवून डोक्याखाली मऊ काही ठेवावं आणि शेजारी थांबावं. तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. घड्याळ बघावं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, पाण्यात आली, डोक्याला लागलं, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर मात्र 108 ला फोन करायला क्षणही दवडू नये. एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं तर फिटची धास्तीही काही अंशी उतरते, आणि धास्ती हा तर प्रश्नावलीतला पहिला विषय.

रुग्णाचं म्हणणं म्हणजे शेवटचा शब्द, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याचं मन खाली आहे तो शरीराचाही हिशेब काळा मांडतो. सगळं सोसायची सवय झालेली बाई "बरं आहे" म्हणते आणि तिचे गुण चांगले येतात. परदेशात बेतलेल्या प्रश्नावलीत गाडी चालवण्याबद्दल प्रश्न असतो, विहिरीवर जाण्याबद्दल नसतो. म्हणून दोन्ही बाजू लागतात. फिट्सच्या मोजणीसाठी घरच्या माणसांची नजर, शक्य असेल तर मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. डॉक्टरला त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून जे कळतं ते पंधरा मिनिटांच्या वर्णनातून कळत नाही. आणि बाकी सगळ्यासाठी रुग्णाचा स्वतःचा शब्द.

तो शब्द दवाखान्यात ऐनवेळी सुचत नाही. खोलीत गर्दी असते, डॉक्टर पुढची फाइल ओढत असतो. म्हणून एक साधी वही ठेवावी. फिटची तारीख आणि वेळ तर लिहावीच, पण त्याशेजारी झोप किती झाली, गोळी चुकली का, पाळी कधी होती, हेही लिहावं. महिन्याच्या शेवटी आणखी तीन ओळी: किती दिवस वाईट गेले, गोळ्यांनी काय त्रास होतो, आणि आजारामुळे काय करायचं सोडलं. ही तिसरी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "बचत गटाचा हिशेब सोडला" हे वाक्य डॉक्टरसमोर वाचून दाखवलं तर गोळी, तिची वेळ, तिचं प्रमाण यांचा विचार नव्याने करावाच लागतो. दोन योग्य औषधं योग्य प्रमाणात घेऊनही फिट्स थांबत नसतील तर तेही स्पष्ट विचारावं, कारण अशा अपस्मारासाठी तज्ज्ञांकडे वेगळ्या तपासण्या आणि काहींसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग आहे, आणि तिथपर्यंत पोचायला माणसं वर्षानुवर्षं घालवतात.

डेन्मार्कमध्ये याच विचाराची एक व्यवस्था उभी आहे. अपस्माराचे रुग्ण ठरावीक काळाने घरबसल्या प्रश्नावली भरतात. उत्तरं हिरवी आली तर रुग्णाने यायची गरज नाही, पिवळी आली तर दवाखान्यातलं माणूस वाचून ठरवतं, लाल आली तर भेट ठरते. काणकोण आणि पेडण्याच्या माणसाचा बुडणारा रोज डोळ्यांपुढे आणला की हे किती उपयोगी पडेल ते लक्षात येतं. फोन नसलेल्यासाठी आरोग्य केंद्रातली नर्स तेच प्रश्न तोंडी विचारू शकते.

मनाच्या बाबतीत तर गोव्याने स्वतःच वाट दाखवलेली आहे. इथल्या संगत संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्य असलेल्या 495 लोकांसोबत एक चाचणी केली, ती 2017 साली प्रसिद्ध झाली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठकांत लोकांचं नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरलं. ही चाचणी अपस्माराच्या रुग्णांसाठी नव्हती. पण अपस्मारातलं नैराश्य हुडकायला फक्त सहा विधानांची एक चाळणी जगभर वापरतात, एनडीडीआय-ई नावाची. ती भरायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, म्हणजे रांगेत बसल्या बसल्या ती पूर्ण होते. फिट्सच्या गोळ्या द्यायच्या खिडकीशेजारी असं एक प्रशिक्षित माणूस बसवणं मला गोव्यात आज जमण्याजोगं काम वाटतं.

त्या सहांतलं एक विधान मरणाच्या विचाराबद्दल आहे. त्याला कुणी होय म्हटलं, किंवा घरात कुणी तसं बोलून दाखवलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. त्याच दिवशी डॉक्टरला सांगावं, रात्र असेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येतं.